नंबरातला आठ

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशींनी सतरा वर्षांत विम्याची तारीख कधी चुकवली नव्हती. तरीही सोमवारी पोलिसाने त्यांची व्हॅन जप्त केली. विम्याच्या कागदावर गाडीच्या नंबरात तीनऐवजी आठ छापला होता.

"विमा असेलही, पण या गाडीचा नाही," पोलीस म्हणाला. "दुरुस्त कागद दाखवा आणि गाडी न्या."

मावशी तडक विमा कंपनीत गेल्या. तिथला कारकून म्हणाला, "नंबर बदलायचा तर गाडी बघावी लागेल. घेऊन या."

"गाडी पोलिसांकडे अडकली आहे. कागदाशिवाय सोडत नाहीत."

"मग आधी सोडवून आणा."

तीन दिवस मावशींनी दोन्हीकडे हेलपाटे घातले. मुलांचे आईबाप फोनवर फोन करत होते. चौथ्या दिवशी त्या कारकुनाच्या टेबलासमोर ठाण मांडून बसल्या. "गाडी येऊ शकत नाही, तर तुम्ही चला. तोवर मी उठणार नाही."

दुपारी तो वैतागून निघाला. पोलिसांच्या आवारात त्याने लांबूनच नंबर वाचला आणि परत येऊन दोन मिनिटांत नवा कागद हातात दिला.

"झालं ना काम?"

मावशींनी तिथेच उभं राहून नव्या कागदावरचा नंबर दोनदा वाचला, मगच त्या बाहेर पडल्या.