ओळख करून देणारे साडू

आमच्या साडूंइतकी मन लावून ओळख करून देणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही. मूळचे धुळ्याकडचे, नोकरी फैजपूरच्या एका केळी व्यापाऱ्याकडे. तिथे नव्यानेच आलेल्या कॉम्प्युटरवर ते गाड्या भरण्याचा प्रोग्राम लिहीत. त्यात म्हणे घराणी असतात, त्यांना क्लास म्हणायचं, आणि त्या घरातली कामं करतात त्या मेथडी. साडू प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची ओळख लिहीत. मराठीतच, पण पडद्यावर मराठी उमटत नसे म्हणून इंग्रजी अक्षरांत. 'हा ट्रक. वाहनाच्या कुळातला, चाकं बापाकडून आली. केळीचे घड घेतो, वजन देतो. रिकामा पाठवाल तर अडून बसेल. रागावू नका, आधी त्याच्याकडे बघा.' शेठ वैतागत. "नाना, काम चार ओळींचं आणि वर्णन पानभर!" साडू शांतपणे विचारत, "दारात आलेल्याला ओळखदेख न विचारता सैपाकघरात सोडता का, शेठ?"

बरं, हे खूळ ऑफिसातच राहील तर ते साडू कसले! आमच्याकडे जळगावला जेवायला आले की घास तोंडात घालण्याआधी पोरांना सांगत, "हे भरीत. वांग्याच्या कुळातलं. मिरची घेतं, घाम देतं." दुपारी केळीच्या बागेत डोळे मिटून बसत. झोपलात का म्हटलं तर म्हणत, "छे! वाहनाला एक पोर झालं तर त्याचा स्वभाव कसा असेल, ते बघतोय." वर पानं सळसळत आणि साडू आपले त्या न जन्मलेल्या पोराकडे बघून हसत. काय म्हणावं या माणसाला!

मग मेंदूचा ताप आला. जीव वाचला, पण आठवणी पार पुसल्या गेल्या. स्वतःच्या बायकोला, म्हणजे आमच्या मेव्हणीला, 'ताई' म्हणू लागले तेव्हा ती बिचारी मोरीत जाऊन रडली. शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्याचाही धंदा होता. तो म्हणाला, "आता टेम्पोही भरायचे आहेत. नानांना प्रोग्रामात टेम्पो बसवता आला तर खुर्ची त्यांची. नाहीतर पुण्याचा मुलगा बोलावतो."

मीच त्यांना एस.टी.ने घेऊन गेलो. साडू पडद्यासमोर परक्याच्या घरी बसावं तसे अंग चोरून बसले. मग वाचू लागले. वाहन, मग ट्रक, कोण काय घेतो, काय देतो, कोण कशाने अडून बसतो. खिडकीबाहेर केळीची पानं हलत होती. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले, चेहऱ्यावर बागेतलं ते जुनं हसू आलं. माझ्याकडे वळून ते आपल्या धुळ्याकडच्या अहिराणीत हलकेच म्हणाले, "भाऊ, हाऊ कोन शे? बठ्ठं बैजवार सांगी ऱ्हायना. भला मानूस दिखस."

मी म्हटलं, "नाना, हे सगळं नीट सांगणारे तुम्हीच, ते तुम्हीच लिहिलंय हो!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. "मी इतला भला कोठे व्हतू?" असं म्हणून त्यांनी त्या कोणा भल्या माणसाला हात जोडले, आणि ट्रकच्या खाली, त्याच्याच वळणाने, टेम्पोची ओळख लिहायला घेतली.