गाड्या सुरक्षित, माणसं चौथ्या मजल्यावर

बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीला आगीची भारी काळजी. म्हणून कमिटीने पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करायला बंदी घातली. गणपतीत तिथेच एक्स्टेन्शनच्या माळा लोंबतात, पण ते वेगळं. सेक्रेटरीकाकांनी मला समजावलं, "अगं, खाली बॅटरी पेटली तर एवढ्या गाड्या जळतील ना!"

खरंच की. मग बॅटऱ्या घरोघरी वर गेल्या. वर काय, नुसती माणसं राहतात.

शेजारच्या काकूंचा मुलगा जेवणाची पार्सलं पोचवतो. तो घरी आला की गरम बॅटरी दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर ठेवून लगेच चार्जिंगला लावायचा. पुन्हा निघायची घाई. खिडक्यांना लोखंडी ग्रिल. म्हणजे बाहेर पडायला दार एकच आणि त्याच्या तोंडाशी बॅटरी. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर घेऊन चालायच्या.

मी पत्रक काढलं. बॅटरी थंड झाल्यावरच लावा, तिचाच चार्जर वापरा, कागद-कपड्यांपासून लांब ठेवा, दाराच्या वाटेत नको, फुगलेली तर अजिबात नको. सगळं ठळक अक्षरात. दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले, तर पत्रक बॅटरीखाली अंथरलेलं.

"रॅकवर ओरखडे पडतात गं," काकू म्हणाल्या. "तुझा कागद छान जाड आहे."

चळवळीला मिळालेली ती पहिली दाद.

मग एका दुपारी जिन्यात प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मुलाने मोबाइल मार्केटमधून स्वस्तातला चार्जर आणला होता, तो धुमसत होता. मी दार ठोठावून ओरडले, "काकू, बाहेर या!"

"येऊ कुठून? हे मधे आहे ना!"

मी धावत खाली जाऊन मीटरजवळचा त्यांचा मेन स्विच पाडला. बॅटरी पेटली नाही, एवढंच. धूर थांबल्यावर भिंतीला चिकटून, तिच्याकडे बघत बघत काकू बाहेर आल्या. वॉकर आतच राहिला.

कमिटी मात्र तत्पर. दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली: बॅटरी लिफ्टमधून नेण्यास मनाई.

नोटीस वाचून काकू खाली गेल्या आणि सेक्रेटरीकाकांच्या गाडीपुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन बाजूला उभी राहिले.

"काकू, जरा बाजूला व्हा, गाडी काढायचीय."

"इथे चार्जिंगचा पॉइंट बसू दे, मग उठते."

"असं वाट अडवून कसं चालेल?"

"माझी अडली तेव्हा चाललं की तुम्हाला!"

काकांनी हॉर्न वाजवला. काकूंनी वॉकर आडवा लावला. बाल्कन्यांतून लोक बघायला लागले, तसा काकांनी गाडीत बसूनच इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

पॉइंट कंपाउंडच्या उघड्या भिंतीला बसला, गाड्या आणि जिना दोन्हींपासून लांब. काकूंच्या दाराशी आता फक्त चपला असतात.