खांबाजवळची जागा

रायपूर राजधानी झालं त्याच सुमारास बाबांची रेल्वेतली बदली नागपूरहून तिकडं झाली आणि माझा खो-खो सुटला. मी नववीत होते. नागपूरच्या आमच्या मंडळात चार वर्षं मी खांबाजवळच्या चौकोनात बसत होते. ती जागा कुणालाही मिळत नाही. पळणारी मुलगी खांबाशी आली की खो घेऊन उठायचं आणि पुढे झेपावत सूर मारून तिला गाठायचं. चुकलं तर कोपर सोलतं आणि सगळा संघ आपल्याकडे बघतो.

निघायच्या आधी मंडळातले सर म्हणाले, "धाकटीले तयार करून जा." धाकटी म्हणजे आमच्या संघातली सगळ्यात लहान, सातवीतली. दोन महिने मी तिला सूर मारायला शिकवलं. मन लावून शिकवलं, हे खोटं नाही.

रायपुरात आम्ही बुढापारा नावाच्या जुन्या वस्तीत भाड्यानं घर घेतलं. घरमालक मराठीच, पण भोसल्यांच्या काळापासून तिथं रुजलेले. घरमालकीण काकू आमच्याशी मराठीत बोलायच्या. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती मराठीतल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची. शाळेतल्या खेळाच्या मॅडमनी मला दोनदा मैदानावर बोलावलं. मी गेले नाही.

"मी नागपूरची खेळाडू आहे," मी आईला सांगितलं.

"आता नागपूर कुठं राहिलं तुझं?" आई म्हणाली. तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

धाकटीची पत्रं यायची. एकात लिहिलं होतं, "सर म्हणतात मी ताईसारखीच सूर मारते." पुढच्या पत्रात होतं, "सर म्हणतात मी ताईपेक्षाही लवकर उठते." पहिलं पत्र मी आईला वाचून दाखवलं. दुसरं दप्तरात ठेवलं आणि रोज शाळेत काढून वाचलं. लवकर म्हणजे किती लवकर, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या थंडीत रायपूरला मुलींची स्पर्धा भरली आणि नागपूरचा संघ आला. शेवटच्या सामन्यात समोरासमोर आले नागपूर आणि रायपूर. मैदान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी घरमालकांच्या मुलीबरोबर मैदानाभोवतीच्या दोरीला लागूनच, खांबासमोर बसले. आजूबाजूला सगळं रायपूर. राज्य नवीन, राजधानी नवीन, लोकांना ओरडायला आता स्वतःचं नाव मिळालं होतं. मी एकटीच "नागपूर! नागपूर!" करत होते.

मागून एक बाई म्हणाल्या, "ए लडकी, खाती यहाँ का है और चिल्लाती वहाँ के लिए?"

घरमालकांची मुलगी हसली. "आंटी, हमारी किरायेदार है. ऐसी ही है."

सगळे हसले. मी आणखी जोरात ओरडले. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष संघाकडे नव्हतंच. ते फक्त खांबाजवळच्या चौकोनाकडे होतं. धाकटी तिथं बसली होती, नव्या निळ्या जर्सीत. आमच्या वेळी जर्सी नव्हत्या, पांढरे शर्ट होते. तिनं पहिला सूर मारला तेव्हा मी आधी ती किती वेळात उठते ते पाहिलं आणि टाळ्या नंतर वाजवल्या.

रायपूरकडे एक उंच मुलगी होती, ती कुणाला सापडेना. खांबाशी यायची, बाहेर जाणार असं वाटायचं आणि ऐन वेळी आत पलटायची. धाकटी दोनदा बाहेरच्या बाजूला सूर मारून रिकामी पडली. दुसऱ्या वेळी मला दिसलं: पलटायच्या आधी त्या मुलीचा डावा खांदा खाली जायचा. बाहेर जाताना जायचा नाही. चार वर्षं त्या जागेवर बसलेल्या माणसाला ते दिसणारच.

मध्यंतरात धाकटी धावत दोरीपाशी आली. गुडघ्याला माती, डोळ्यांत पाणी.

"ताई, ती उंचवाली मले सापडूनच नाही राहिली. काय चुकून राहिलं माझं?"

खांदा, एवढा एक शब्द पुरला असता.

"काही नाही चुकून राहिलं," मी म्हणाले. "बरोबर खेळून राहिली तू."

"खरं?"

"खरं."

तिचा चेहरा उजळला. तेवढ्यावर विश्वास ठेवून ती पळत परत गेली.

शेवटच्या डावात नागपूरला नुसत्या बरोबरीसाठी दोन गडी हवे होते. एक मिळाला. उंच मुलगी शेवटपर्यंत उभी राहिली. शिट्टीच्या आधी ती खांबाशी आली, खांदा खाली गेला, आणि धाकटीनं बाहेरच्या बाजूला सूर मारला. नागपूर एका गुणानं हरलं. तो सूर चुकला तेव्हा मला आधी काय वाटलं ते मला माहीत आहे. ते दुःख नव्हतं.

दुःख नंतर आलं आणि मी रडायला लागले. मगाशी मला बोललेल्या बाईंनी पाठीवर हात ठेवला. घरमालकांची मुलगी म्हणाली, "रो मत यार. अच्छा खेली तेरी टीम." त्यांना वाटलं, किती जीव आहे हिचा नागपूरवर.

मी संघाला भेटायला गेले. सर म्हणाले, "तू असती तर ती पोट्टी सुटली नसती." गेलं वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. धाकटी शेजारीच उभी होती. "हो ना," ती हुंदके देत म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, आणि तिला जवळ घेतलेलं असतानाही मला बरं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात मी मॅडमकडे गेले आणि रायपूरच्या संघात आले. उंच मुलीशी माझी लवकरच मैत्री झाली. एकदा सराव संपल्यावर मी तिला सांगून टाकलं, "पलटने से पहले तेरा बायाँ कंधा गिरता है."

तिनं विचार केला. "फाइनल में भी गिरता था?"

"हाँ."

"तो अपनी वाली को काहे नहीं बताया?"

मी बाटलीतलं पाणी पायांवर ओतलं, माती धुतली. ती सायकल काढायला निघून गेली. आठवड्याभरात तिनं खांदा सुधारला.

उन्हाळ्यात धाकटीचं पत्र आलं. सरांनी तिला खांबाजवळून काढून मधल्या चौकोनात बसवलं होतं. मी चार दिवस उत्तर लिहीत होते. शेवटी लिहिलं की त्या मुलीचा खांदा पडायचा, मला मध्यंतराआधीच दिसलं होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. माफ कर असं लिहायचं धाडस झालं नाही. पत्र पेटीत टाकलं.

तिचं उत्तर आलं नाही. मी दिवाळीपर्यंत वाट पाहिली.