हसू नको ना

परवा कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि नववीतला तो कार्यक्रम पुन्हा डोक्यात गेला. कात्रपच्या आमच्या शाळेत मी घरोघरून जुने गणवेश जमवले होते. आईने ते धुऊन इस्त्री करून दिले. ज्याला हवा त्याने गुपचूप न्यावा, म्हणून मी ते वर्गातल्या कपाटात डांबरगोळ्या टाकून ठेवले. शाळेला कळलं आणि लगेच मांडव उभा राहिला, 'गरजू विद्यार्थ्यांना गणवेश वाटप' असा बॅनर लागला. पाहुणे म्हणून पालेगावचे एक बिल्डर आले. त्यांना शाल-श्रीफळ झालं, मग माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव माईकवरून पुकारलं. स्टेजवरून ती माझ्याकडे बघून हसली. शेजारच्या शहरातल्या कॅम्प चार भागातून बोलावलेला फोटोग्राफर म्हणाला, "बेटा, हसू नको ना. फोटो में गरीब दिखना चाहिए." यावर पाहुणे हसले, आमचे सरसुद्धा हसले, एकालाही लाज वाटली नाही. तिने ओठ मिटले. दुसऱ्या दिवशी ती तिच्या जुन्या, उसवलेल्या स्कर्टमध्येच आली. तो फोटो शाळेच्या ऑफिसात आजही लावलेला आहे. त्यात सगळे हसतायत, ती सोडून.