मास्तरांचं मौन, माझा घसा

आमच्या यांनी मौन धरलं त्याला पाच महिने झाले, आणि या पाच महिन्यांत माझा घसा चार वेळा बसला.

यांचा धंदा शिवणकामाचा. गिऱ्हाइकं तोंडावर मास्तर म्हणतात आणि पाठीमागे कात्री. ते नाव दुकानातल्या कात्रीवरून पडलेलं नाही. "पोट आत ओढून माप देऊ नका, जेवलात की माझ्याशीच भांडायला याल," असं हे माणसाला चारचौघांत ऐकवतात. तरी गिऱ्हाईक परत येतं, कारण यांच्या कोटाला खांद्यावर सुरकुती म्हणून पडत नाही.

पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी यांना योगाच्या वर्गाला पाठवलं. पाठ सुटली, तिथेच थांबायचं ना. पण वर्गातल्या बाई एक दिवस वाणीच्या तपाबद्दल बोलल्या. मन शांत हवं तर आधी जीभ आवरा, रोज थोडा वेळ मौन पाळा, मनात नाम घ्या. थोडा वेळ म्हणजे त्यांच्या मते पाव तास. यांनी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत धरलं. बोटभर सांगितलं की हातभर करायचं, हा मूळ स्वभाव. तो काही आसनांनी जात नाही.

दुकानात सपाट जागा एकच, कापड बेतायचं टेबल. सकाळी इस्त्रीच्या वरच्या फळीवर देवाची तसबीर आहे तिच्यापुढे दिवा लावायचा आणि त्या टेबलावर मांडी घालून डोळे मिटायचे. हातात जपमाळ. बेतायच्या खडूनं तिचे मणी निळे झालेत. एका नव्या गिऱ्हाइकानं यांना भक्तिभावानं हात जोडले आणि पँट माझ्याकडे दिली.

डोळे उघडले की काम सुरू, तोंड मात्र बंद. टेबलावर कात्री एकदा आपटली की पाणी, दोनदा आपटली की चहा. तीनदा आपटली म्हणजे 'तुला काही कळत नाही.' वरून भुवया, खांदे, मान, सगळं अंग बडबडत असतं. गिऱ्हाइकांना उत्तरं कोण देणार? मी. कापड आटेल का, मी. गुरुवारी मिळेल का, मी. शांती यांना आणि घसा माझा.

पूर्वी हे टेप लावून आकडा बोलायचे आणि मी मापाच्या वहीत लिहायची. आता बोटं दाखवतात. एका हेडमास्तरांच्या कमरेचं माप दाखवताना तीन बोटं, मग चार, असं दोन-तीनदा केलं. मी मान वर केली तेव्हा चार चाललं होतं, पुढे तीन. वहीत त्रेचाळीस पडलं आणि यांनी त्रेचाळीसचीच पँट शिवली. हेडमास्तरांची कंबर होती चौतीस. बाराच्या ठोक्याला मी विचारलं, "अहो, शिवताना डोळे होते ना?"

"वहीत आहे ते खरं," हे म्हणाले. "तीस वर्षं मी वहीवर चालतोय."

मी तडक त्या बाईंकडे गेले. म्हटलं, तुमचं तप आमच्या दुकानाच्या मुळावर आलंय. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, "हातवारे म्हणजे हातांनी बोलणंच झालं. त्यांना सांगा, समोरचा बोलत असताना आत उत्तर जुळवत बसू नका. तेवढं साधलं तरी पुष्कळ." मी दुकानात येऊन सांगितलं. यांनी कात्री तीनदा आपटली.

मला खरं दुखतं ते वेगळंच. आमची लेक दोन वर्षं यांच्याशी बोललेली नाही. दहावीपासून याच टेबलाशी शिकली, हात यांच्याइतकाच सफाईदार. मी बहिणीकडे गेले होते त्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाचा कोट कापला आणि बाही दोन इंच आखूड झाली. कापड त्याचं, ठेवणीतलं, पुन्हा न मिळणारं. ती काही सांगायला गेली तर यांनी चार माणसांदेखत तोडलं, "कात्री ठेव, लाटणं घे. तुझ्या हाताला तेच शोभेल." तिनं कात्री ठेवली आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे ती यंत्रावर एका वेळी शंभर थर कापते. मला फोन करते, पण यांचा विषय निघत नाही. मीही काढत नाही. काढला तर फोनही बंद होईल, ही भीती.

परवा कारखान्यातली वीज गेली म्हणून तिचा फोन साडेअकरालाच आला. मी नेमकी वैतागलेली, समोर तीन गिऱ्हाइकं नुकतीच डोकं खाऊन गेलेली. तोंडातून निघून गेलं, "तुझ्या बाबांचं मौन आहे गं बारापर्यंत, मी एकटी किती बोलू."

तिनं विचारलं, "म्हणजे मध्ये बोलणार नाहीत?"

"नाहीत."

"मग दे त्यांना."

मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि यांना खुणेनं सांगितलं, लेक आहे. मीसुद्धा खुणेनंच. यांचा खडू कापडावर होता तिथेच थांबला.

"बाबा, दोन वर्षं हे एकच वाक्य पुरं करायचंय," ती म्हणाली. "त्या कोटाची बाही मी वहीत बघूनच कापली. तेवीस लिहिलं होतं. माणूस उंच होता, वहीतलंच माप चुकलंय असं मागून वाटलं, तेच सांगायला आले होते. त्या दिवशी आई नव्हती. माप तुम्हीच लिहिलं होतं. वही बघा."

यांनी खुर्ची ओढली, वर चढले आणि माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढल्या. धुळीनं शिंकले, तेवढाच काय तो आवाज. मग एक पान उघडून त्याच्याकडे बघत उभे राहिले. ती पुढे बोलतच होती. लाटण्याचं बोलली, त्या चार माणसांतला एक हसला होता ते बोलली. रोज यंत्र सुरू करताना आपला हात खरंच वाईट आहे का असं वाटतं, तेही. यांची भुवई हलली नाही, खांदा हलला नाही.

बारा वाजले. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. बोला की आता. यांनी मान हलवली, नको. तिचं संपेपर्यंत बारा वाजून दहा मिनिटं झाली.

"झालं माझं," ती म्हणाली. "आता बोला काय बोलायचं ते."

यांनी दोनदा घसा खाकरला. "पानावर आठवी ओळ आहे," हे म्हणाले. "अक्षर माझंच आहे. पंचवीस हवं होतं. तुझा हात चांगला आहे."

पलीकडे ती रडत होती. मी पदर डोळ्यांना लावला आणि रागही आला, कारण दोन वर्षं मला जे जमलं नाही ते वीज गेल्यामुळे घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखे टेबलावर मांडी घालून बसले. मी दुकानाचं दार लोटून घेतलं, स्टूल ओढलं आणि यांच्यासमोर बसले.

"अहो, माळ ठेवा बाजूला," मी म्हटलं. "माझं एकतीस वर्षांचं आहे. बारापर्यंत संपणार नाही, पण सुरुवात तरी करते."

यांनी डोळे उघडले. हात कात्रीकडे गेला, पण ती आपटली नाही. कात्री उचलून यांनी माझ्या हातात दिली.