एका अंगाने सपाट बी

तामाले शहराच्या वेशीपाशी शिया झाडाच्या बियांचं लोणी काढणाऱ्या बायकांत बिया पारखण्याचं काम बारिकिसूकडे होतं. मूठभर बिया तळहातावर घोळवल्या की त्या कुठल्या मुलखातल्या, नीट वाळल्यात की नाही, लोणी किती सुटेल, हे ती सांगायची. साठी जवळ आली होती, नजर अधू झाली होती, पण बोटं चुकत नसत.

विद्यापीठातली रहामा अभ्यासासाठी त्यांच्याकडे येऊन बसे. तीन भागांतल्या बियांची लांबी, रुंदी, जाडी मोजायची, वजन करायचं, बिया ठेवलेली फळी एका बाजूने हळूहळू उचलून कुठली बी कधी घसरते ते वहीत लिहायचं. बायका तिला चिडवत, "एवढी मापं घेतेस, बियांची सोयरीक जमवायचीये का गं?"

एका दुपारी शेजारची बकरी आत शिरली. तिने थैल्यांवरच्या चिठ्ठ्या खाल्ल्या आणि थैल्याही उलथवल्या. तिन्ही भागांचा एकच ढीग झाला. रहामा मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"ऊठ," बारिकिसू म्हणाली. "रडून बिया वेगळ्या व्हायच्या नाहीत. तीन टोपल्या आण."

गोल, हलक्या बिया एकीकडे. येंडी गावाकडच्या टपोऱ्या दुसरीकडे. हात भराभर चालले होते, ते एकदम थांबले.

"काय झालं, मावशी?"

"ही कुठली गं? असली बी आपल्याकडे कधी आली नव्हती."

"पश्चिमेची. काळ्या व्होल्टा नदीच्या काठची."

बी लहान होती, लांबट, एका अंगाने सपाट. जमिनीवर टाकली की गडगडत नव्हती, बसून राहत होती. आई अंगणात बिया फोडायची आणि आपण असल्याच बियांच्या ओळी मांडायचो, हे बारिकिसूला लख्ख आठवलं. सात वर्षांची असताना आत्याने तिला वाढवायला म्हणून इकडे आणलं, आणि दोन वर्षांत आत्याच गेली. आत्याच्या नवऱ्याने मायेने सांभाळलं, लग्न करून दिलं; पण माहेरचं गाव विचारलं की तो हात लांब करून "तिकडे, पश्चिमेला" एवढंच म्हणे. पुढे तोही गेला.

"मावशी, आसपासच्या दहा गावांत अशी बी असेल," रहामा चाचरत म्हणाली. "एका झाडाच्या दोन बियासुद्धा सारख्या नसतात."

"मग दहा गावं हिंडू."

पुढच्या आठवड्यात दोघी बसने निघाल्या. ज्या गावातून रहामाने बिया आणल्या होत्या, तिथे बारिकिसूला कुणी ओळखेना. दुसऱ्या गावातही नाही. तिसऱ्या गावातला एक म्हातारा मात्र विचारात पडला. "आत्याने नेलेली पोर? ओढ्यापलीकडच्या हावाची धाकटी बहीण अशीच गेली होती." तो स्वतःच वाट दाखवायला उठला.

हावा अंगणात बिया पसरत होती. तिने पाहुणीला रिवाजाप्रमाणे पिठाचं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, पण चेहरा काही सैल सोडला नाही. बारिकिसू आपली भाषा कधीच विसरली होती, म्हणून म्हातारा मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होता.

"विचार तिला," हावा म्हणाली, "जाताना अंगावर काय होतं?"

बारिकिसूला क्षणभरही लागला नाही. "हिचाच पिवळा झगा. ही लॉरीमागे रडत धावली. माझ्यासाठी नाही, झग्यासाठी!"

म्हाताऱ्याने सांगितलं मात्र, हावा आधी खो खो हसली. मग बिया तुडवतच आली आणि तिने बारिकिसूचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. दोघी तिथेच, बियांमध्ये बसून रडल्या.

रहामा पुढचे चार दिवस आजूबाजूच्या झाडांखालच्या बिया गोळा करत राहिली. पाचव्या दिवशी तिची निघायची वेळ झाली, तेव्हा बारिकिसू बहिणीशेजारी बिया फोडत बसली होती. हावा एकेक वस्तू उचलून तिचं नाव म्हणवून घेत होती आणि चुकलं की मांडीवर चापट मारत होती.

"मावशी, बस सुटेल!"

"तू हो पुढे," बारिकिसू म्हणाली. "माझे आत्ताशी वीसच शब्द झालेत."