चिंपांझी आमच्या भावकीतला

चिंपांझीला भावकीत धरणारा माणूस साऱ्या आंबेगाव तालुक्यात एकच, आणि तो माझा मामा. मी आजोळीच वाढले, त्यामुळे हे नातं मला चालण्याआधी कळलं. मंचरला मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंप घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो तार गुंडाळता गुंडाळता माणसाची उत्पत्ती ऐकवतो, आणि पंप अडकलेला असल्यामुळे कुणाला उठता येत नाही. दुकानाच्या भिंतीवर घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ खडूने काढलेली आहे. खापरपणजोबाच्याही वर एक लांबच लांब रेघ जाते, तिला फाटा फुटतो, आणि त्या फाट्याच्या टोकाला चिंपांझी. भीमाशंकरच्या वाटेवर वानर दिसलं तरी मामा गाडी थांबवून रामराम करतो. "हे लांबचे पावणं," म्हणतो. "खरी भावकी आफ्रिकेत हाय."

गेल्या वर्षी गावच्या शाळेच्या भिंतीवर बाईंनी चित्र काढलं. वाकलेला चिंपांझी पावलापावलाने ताठ होतो आणि शेवटी माणूस. शेजारच्या तात्यांनी ग्रामसभेत मागणी केली की चित्रावर चुना मारा आणि हे शिकवणंही बंद करा. बाई कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या. चित्राच्या बाजूने मी घरोघर पत्रकं वाटली होती, जळजळीत.

"आमचा आजा माकड व्हता का?" तात्यांनी विचारलं.

मामा उठला. मला वाटलं, आता तोफ सुटणार.

"नव्हता," मामा म्हणाला. "चित्र चुकलंय. पुसा."

तात्यांच्या बाजूने टाळ्या पडल्या. मी उरलेली पत्रकं मांडीखाली सारली.

"चिंपांझी आजा न्हाई, चुलत भाऊ हाय. लई मागचा आजा दोघांचा एक, त्यो आता कुठंच न्हाई. त्याची पोरं दोन वाटांनी गेली. तात्या, बांधावरनं तुमी चुलत भावाशी बोलत न्हाई, म्हणून तुमचा आजा बदलला का?"

सगळ्यात आधी मागे बसलेला तो चुलत भाऊच हसला. मग सभा हसली, आणि शेवटी मिशीआडून तात्याही. ठराव झाला: रांग पुसायची, तिच्या जागी वंशावळीचं झाड रंगवायचं, धडा शिकवायचा. बाईंनी मान वर केली. माझ्या पत्रकांना जे जमलं नाही, ते एका वंशावळीने करून दाखवलं.

झाड रंगवताना शिडी तात्यांनी धरली. चिंपांझी मामाने रंगवला, जरा आमच्या खापरपणजोबासारखाच.

परवा मामा त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा होता.

"ह्या भावानं कदी वाटणी मागितली न्हाई, पोरी," तो म्हणाला. "आन आपण त्याचं रानबी सोडलं न्हाई."

भिंतीवरच्या चिंपांझीला रोजचा रामराम मात्र त्या दिवशी त्याने केला नाही.